स्टँडात न शिरणारी एसटी

महाबळेश्वरची उंची ऑक्सिजनच्या मापात मोजली, तर ती मिनिटाला दीड लिटरच्या वर जात नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. साधारण १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात तो ६४५ च्या आसपास येतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, शंभरात एकवीस. पण हवाच विरळ, त्यामुळे श्वासनळीत पोचलेल्या ऑक्सिजनचा जो दाब मुंबईत १५० असतो, तो इथे १२५ उरतो. वेण्णा तलावाकाठी मक्याचं कणीस खाता खाता एखाद्या हौशी पाहुण्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर घरी ९८ दाखवणारं यंत्र इथे ९५-९६ दाखवेल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नाकाशी नळी लावून मिनिटाला एक-दीड लिटर ऑक्सिजन सोडला की १२५ चे पुन्हा १५० होतात. बसल्या जागी घाट उतरून मुंबईला पोचल्यासारखंच ते. आता त्याच गावातला, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झालेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तोंडावर पिशवीचा मास्क, पिशवी नीट फुगलेली, काटा पंधरा लिटरवर, आणि बोटावरचा आकडा ८६. तासाभरानं पाहिलं तरी ८६. अख्ख्या डोंगराची उंची दीड लिटरनं पुसली जाते आणि इथे दहापट देऊनही आकडा ढिम्म हलत नाही, तेव्हा ही एकाच दुखण्याची कमी-जास्त रूपं नाहीत, दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्याला डॉक्टर शंट म्हणतात. कोरोनानंतर आपण गावोगावी ऑक्सिजनची सोय केली, हे उत्तमच झालं. पण ती सोय पहिल्या दुखण्याच्या हिशेबानं झाली आहे, आणि अतिदक्षता विभागात माणसाला ओढून नेतं ते दुसरं, हे माझं म्हणणं.

शंट हा शब्द खरा रेल्वेवाल्यांचा, पण फुप्फुसातला शंट समजायला एसटी जास्त सोयीची. हृदयाच्या उजव्या बाजूनं निघालेलं रक्त म्हणजे थोड्याफार रिकाम्या झालेल्या गाड्या. फुप्फुसातले कोट्यवधी वायुकोश म्हणजे स्टँड. गाडी स्टँडात शिरते, कार्बन डायऑक्साइडचे प्रवासी उतरतात, ऑक्सिजनचे चढतात आणि भरलेली गाडी हृदयाच्या डाव्या बाजूकडे, तिथून साऱ्या शरीरात जाते. ठणठणीत माणसातही शंभरातल्या दोन-चार गाड्या स्टँड चुकवतात. त्यानं काही बिघडत नाही. न्यूमोनियात, सेप्सिसमध्ये, विषबाधेत उलटी श्वासनळीत गेल्यावर किंवा हृदय थकून फुप्फुसात पाणी साठल्यावर मात्र वायुकोश द्रवानं नाहीतर पुवानं भरतात, काही नुसतेच मिटून जातात. स्टँडाच्या दारातच गुडघाभर चिखल. गाड्या काही थांबत नाहीत, कारण हृदयाचं वेळापत्रक चालूच असतं. साताऱ्यात न शिरता महामार्गावरून परस्पर कराड गाठणाऱ्या गाडीसारखं ते रक्त जसं आलं तसंच पुढे निघून जातं. अशा वेळी जास्त ऑक्सिजन देणं म्हणजे स्टँडावर प्रवाशांची गर्दी वाढवणं. गाडी आत आलीच नाही, तर त्या गर्दीचा उपयोग काय? (हृदयाच्या पडद्यातल्या छिद्रामुळेही शंट होतो. तो विषय वेगळा. इथे फुप्फुसापुरतंच बोलू.)

यावर कुणीही विचारेल, की निम्मे स्टँड तरी चालू आहेत ना, मग तिथून जास्त प्रवासी भरून घ्यावेत. शरीराची अडचण नेमकी इथेच आहे. गाडीतल्या जागा मोजक्या. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चारच जागा, आणि चालू वायुकोशातून जाणारं रक्त साध्या हवेतही ९७-९८ टक्के भरलेलंच असतं. शंभर टक्क्यांचे एकशेचाळीस होत नाहीत. शुद्ध ऑक्सिजन दिला तर थोडे प्रवासी उभ्यानं नेता येतात, म्हणजे रक्तात नुसते विरघळून. पण १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन धरतं तिथे हे उभे प्रवासी जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. मघाच्या रुग्णाचा हिशेब करून बघा. दहातल्या पाच गाड्या पूर्ण भरल्या, पाच स्टँड चुकवून ६२ टक्क्यांवरच राहिल्या, सरासरी ८१. उभ्या प्रवाशांनी चार-पाचाची भर घातली, झाले ८६. काटा पंधरावरून वर न्यायला जागा नाही आणि नेला तरी मिळायचं काही नाही. उतरणाऱ्यांचं गणित मात्र निराळं आहे. चढणाऱ्यांना जागेची मर्यादा असते, उतरणाऱ्यांना नसते. श्वास जरा जोरात घेतला की चालू स्टँडांवर कार्बन डायऑक्साइड जादा उतरवून घेता येतो. आणि जीव घुसमटल्याची जाणीव मुख्यतः त्याच वायूच्या साठ्यामुळे होते. तो साठतच नसल्यामुळे ७५-८० सॅच्युरेशनचा माणूस पलंगावर बसून फोनवर बोलताना, चहा मागताना दिसतो. कोरोनाच्या काळात याचं सगळ्यांना नवल वाटलं. राज्याच्या आरोग्य विभागानं लोकांना घरच्या घरी सहा मिनिटं चालून आकडा बघायला सांगितलं ते यामुळेच, कारण रुग्णाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन हा एकच शब्द राज्यभर ऐकू येत होता. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला गेली आणि भरून परतली, ती बातमी लोकांनी लढाईच्या बातमीसारखी वाचली. पुढे मुंबई-पुण्यातली लाट ओसरली तरी जून-जुलैपर्यंत सातारा, सांगली, कोल्हापुरात रुग्ण कमी व्हायचं नाव घेत नव्हते. त्या भीतीतून जे उभं राहिलं ते दिसतंच आहे: पीएम केअर्सच्या पैशातून देशभर बाराशेवर ऑक्सिजननिर्मिती प्रकल्प मंजूर झाले, आमदार-खासदारांच्या निधीतून, साखर कारखान्यांच्या आणि उद्योगांच्या मदतीतून आणखी. तालुक्याच्या रुग्णालयाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभा असलेला तो प्रकल्प डोळ्यांना दिसतो, त्याची फीत कापता येते, लिटरमध्ये त्याची क्षमता सांगता येते. शंट कमी करणाऱ्या गोष्टींना असली सोय नाही. रुग्णाला दर काही तासांनी वळवणारे हात, मास्क नीट बसला का हे बघणारी नजर, कफ काढायला लावणारी फिजिओथेरपी, श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब टिकवणारं यंत्र आणि ते चालवायला शिकलेली परिचारिका. यातल्या कशाचीच फीत कापता येत नाही. म्हणून आपण गर्दी वाढवायची सोय केली आणि चिखल उपसायची राहिली.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. लोक ऑक्सिजनवाचून मेले, हे खरं नाही का? खरं आहे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, पुरवठा काही काळ तुटला आणि बावीस रुग्ण दगावले. शंटनं सतावलेल्या रुग्णाला ऑक्सिजन नको, असं कुणी म्हणत असेल तर तो वेडेपणा आहे. चालू असलेल्या निम्म्या स्टँडांवर प्रवासी लागतातच आणि ते उभे प्रवासीही काढून घेतले तर ८६ चे ८१ व्हायला काही मिनिटं पुरतात. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. ऑक्सिजनची ओढाताण इतकी का झाली, याचं एक कारण शंट न ओळखणं हेही होतं. आकडा ८८, मग काटा वाढव. तरी ८८, मग नाकातून मिनिटाला साठ लिटर फेकणारं यंत्र लाव. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. पंधरा लिटरनं तो पावणेआठ तास पुरतो. साठ लिटरनं दोन तासही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दाबाचा उपयोग किती आणि नुसत्या प्रवाहाचा किती, हे कोरोनाच्या १,२७३ रुग्णांवर तपासलं गेलं. घट्ट मास्कमधून सतत दाब देणारं सीपॅप ज्यांना लावलं, त्यांच्यात व्हेंटिलेटरची नळी घालावी लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ३६ टक्के निघालं. साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत ४४ टक्के. आणि नुसता जोराचा प्रवाह देणाऱ्या यंत्राचा साध्या ऑक्सिजनपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. फायदा मुख्यतः नळी टळण्याचा होता, मृत्यू टळण्याचा तितका नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पण दाब वायुकोश उघडे ठेवतो आणि नुसता प्रवाह गर्दी वाढवतो, हा फरक त्या आकड्यांत वाचता येतो. भरीस भर म्हणजे शुद्ध ऑक्सिजन स्वतःच काही वायुकोश मिटवतो. हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा जात नाही, वायुकोशात बसून राहतो आणि त्याला फुगलेला ठेवतो. नायट्रोजनच्या जागी सगळा ऑक्सिजन भरला आणि तो रक्तानं शोषून घेतला की अर्धवट उघडा असलेला कोश पुरता बसतो. गरजेपेक्षा काटा वर ठेवण्याची किंमत अशी दुहेरी असते.

मिटलेले वायुकोश उघडण्याचा एक जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे माणसाला पालथं घालणं. उताणं झोपलं की हृदयाचं आणि पोटाचं ओझं फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतं. वायुकोश तिथे सर्वांत जास्त, रक्तही तिथेच सर्वांत जास्त जातं, आणि नेमका तोच भाग दबतो. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो आणि रक्त बऱ्यापैकी पूर्वीच्याच वाटेनं येत राहतं. गाड्या तिथेच, पण स्टँडाचं दार आता उघडं. २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमधल्या अतिदक्षता विभागांतल्या ४६६ रुग्णांवरच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांना दिवसातले किमान सोळा तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. अतिदक्षतेच्या शास्त्रात इतका मोठा फरक दाखवणारे उपाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण हा उपाय करायचा म्हणजे काय, ते जवळून बघायला हवं. एक जण डोक्याशी, त्यानं श्वासाची नळी सोडायची नाही. दोन-दोन जण दोन्ही अंगांना. चादरीसकट रुग्णाला आधी कडेला सरकवायचं, मग कुशीवर, मग पालथं. छातीखाली आणि कमरेखाली उशा, मधे पोट मोकळं राहील असं. छातीवरच्या ईसीजीच्या तारा पाठीवर लावायच्या. डोळे मिटून पट्टी. दर दोन तासांनी मान दुसऱ्या बाजूला, नाहीतर गालाला आणि कपाळाला जखमा होतात. पाच माणसं, दिवसातून दोनदा, आणि अधल्यामधल्या वेळात सतत लक्ष. त्या चाचणीत भाग घेतलेल्या विभागांना या कामाचा पाच वर्षांहून जास्त सराव होता, ही गोष्ट निष्कर्ष सांगताना बहुतेक जण गाळतात. व्हेंटिलेटर खरेदी करता येतो. हा सराव खरेदी करता येत नाही.

उपायांची आणखी एक बाजू इतकी साधी आहे की ती मोठ्या दवाखान्यांतही विसरली जाते. आडवाटेनं गेलेलं रक्त किती रिकामं होतं, यावरही शेवटचा आकडा ठरतो. मघाच्या हिशेबात त्या पाच गाड्या ६२ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांवर परत आल्या असत्या, तर शंट तेवढाच राहूनही सरासरी चारानं वाढली असती. गाड्या जास्त रिकाम्या कशानं होतात? तापानं, थरथरीनं, घाबरून तडफडण्यानं, रक्तक्षयानं, हृदयाचा जोर कमी पडल्यानं. म्हणजे ताप उतरवणं, रुग्णाला धीर देऊन शांत ठेवणं, शौचाला चालत न नेता पलंगाशी सोय करणं हेही ऑक्सिजन देण्याइतकंच ऑक्सिजनचं काम आहे. एकाच फुप्फुसात न्यूमोनिया असलेल्या मोठ्या माणसाला चांगली बाजू खाली करून कुशीवर झोपवलं, तर रक्त वजनानं चांगल्या बाजूकडे जास्त जातं आणि आकडा सुधारू शकतो. याला लागतं काय? एक उशी, आणि एक्स-रे बघून कोणती कूस ते सांगणारा माणूस.

पालथं झोपवण्याचं हे कौतुक जरा जास्तच होतंय, असं म्हणणाऱ्यांच्या हातात पुरावा आहे, आणि तो कच्चा नाही. व्हेंटिलेटरवर नसलेल्या, शुद्धीवरच्या रुग्णांना पालथं झोपायला सांगण्याबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२१ मध्ये घरोघरी सूचना दिल्या. त्याच वर्षी सहा देशांतल्या अकराशेवर रुग्णांवरच्या अभ्यासात उपचार फसण्याचं प्रमाण ४६ वरून ४० टक्क्यांवर आलं, पण मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. पुढच्या वर्षीच्या ४०० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत तर नळी घालावी लागण्याच्या प्रमाणातही खात्रीचा फरक दिसला नाही. याहून बोचरा पुरावा २०१७ चा. ब्राझीलच्या पुढाकारानं झालेल्या १,०१० रुग्णांच्या चाचणीत मिटलेले वायुकोश व्हेंटिलेटरच्या जोरदार दाबानं उघडायचा प्रयत्न केला गेला, आणि २८ दिवसांतले मृत्यू ४९ वरून ५५ टक्क्यांवर गेले. स्टँडाचं दार धडक देऊन उघडायला गेलं की भिंतच पडते. मग शंट शंट म्हणत बसण्यात काय हशील? मला वाटतं, या सगळ्या चाचण्या एकत्र वाचल्या तर त्या माझ्या विरोधात जात नाहीत. त्या घाईच्या विरोधात जातात. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या गाजलेल्या चाचणीत व्हेंटिलेटरचा श्वास निम्मा केला, किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६. सुरुवातीच्या दिवसांत या लहान श्वासवाल्यांची ऑक्सिजनची स्थिती दुसऱ्या गटापेक्षा वाईट होती. तरी त्यांच्यात मृत्यू ३१ टक्के झाले आणि भरपूर श्वास मिळालेल्यांत ४० टक्के. बोटावरचा आकडा चांगला दिसणं आणि माणूस वाचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळायचा नाही. शंट ओळखण्याचा अर्थ तो हटवण्यासाठी वाट्टेल ते करणं असा नाही. ८६ का आहे हे कळलं की ९० पर्यंत हळुवार हातानं जायचं, की ९८ च्या मागे धावून फुप्फुस फाडायचं, हे ठरवता येतं. शुद्धीवरच्या रुग्णाचं पालथं झोपणं हा रामबाण नाही. पण त्यात पैसा जात नाही, आणि ज्याला ते सोसत नाही त्याला पुन्हा उताणं करायला क्षण लागत नाही.

शरीर स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे, आणि याची साक्ष महाबळेश्वरच्या शेजारीच आहे. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं. सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडीला मिशनच्या डॉक्टरांचं क्षयरोगाचं रुग्णालय होतं. औषधं यायच्या आधीच्या त्या काळात, छातीत सुईनं हवा भरून क्षयानं पोखरलेलं फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवायचं, ही जगभरच्या सॅनेटोरियमांतली मान्य पद्धत. मिटलेलं फुप्फुस म्हणजे शंट. मग ते रुग्ण महिनोन् महिने जगले, हिंडले-फिरले कसे? कारण ज्या वायुकोशात हवा नाही, तिथे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुप्फुस आपणहून आवळतं आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे वळवतं. १९४६ मध्ये स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. स्टँड बंद असला की गाड्या दुसरीकडे वळवणारा वाहतूक नियंत्रकच म्हणा ना. सेप्सिसमध्ये, कोरोनाच्या न्यूमोनियात हा नियंत्रकच जागेवर नसतो, म्हणून तेवढाच मिटलेला भाग तिथे जीवघेणा ठरतो. जाता जाता: पाचगणीच्या हवेचा क्षयावरचा महिमा पुढे फारसा टिकला नाही. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवून दिलं, की औषधं नीट घेतली तर घरी राहिलेले आणि सॅनेटोरियमात ठेवलेले रुग्ण जवळपास सारखेच बरे होतात. चांगल्या हवेवर आपला विश्वास मात्र पक्का बसला आहे. पूर्वी डोंगरावरच्या, आता सिलिंडरमधल्या.

राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो डॉक्टरांचाच आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एक डॉक्टर आणि दोन सिस्टर, त्यातही एक बाळंतिणीपाशी. तिथे पाच माणसं आणायची कुठून आणि शंटचा हिशेब करायचा कुणी? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं घालणं हे महाबळेश्वरच्या रुग्णालयाचं काम नाहीच. ते साताऱ्याचं, कराडचं, मिरजेचं. पण शंट ओळखायला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा. मास्क चेहऱ्याला घट्ट बसलाय, नळी कुठे मुडपलेली नाही, सिलिंडर खरोखर भरलेला आहे, बोट गार पडलेलं नाही, एवढं बघून पंधरा लिटर लावायचा आणि पंधरा मिनिटांनी आकडा वाचायचा. ९६ च्या पुढे गेला तर दुखणं बहुधा ऑक्सिजनला दाद देणारं आहे. दम्याच्या, जुन्या धुरकट फुप्फुसांच्या माणसाचा काटा तर लगेच खाली आणायला हवा. नव्वदच्या आत अडकून बसला तर शंट मोठा आहे, आणि तो माणूस इथे थांबवायचा नाही. केसपेपरवर दोन आकडे, साध्या हवेतला आणि पंधरा लिटरवरचा, त्यांच्यासमोर वेळ. ही नोंद सक्तीची करायला शासनाला पैसा लागत नाही. पैसा लागेल तो जिल्ह्याच्या ठिकाणी, व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका ठेवायला. तिथली पदं रिकामी ठेवून आवारात आणखी एक प्रकल्प उभारला, तर तो निव्वळ देखावा होईल.

लवकर खाली पाठवा, हा सल्ला सोपा वाटतो, पण या डोंगरावर तोही हिशेबानंच अमलात येतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला आणि आंबेनळी घाटाची वाताहत झाली. तशा रात्री खाली पाठवणं हा पर्यायच उरत नाही. म्हणून वर किमान एक सीपॅप आणि ते लावता येणारा माणूस असायलाच हवा. रस्ता चालू असतानाही नातेवाइकांना एक गोष्ट आधी सांगायला हवी: घाट उतरल्यानं उंचीचा वाटा भरून निघेल, शंटचा नाही. वाईला पोचल्यावर आपोआप बरं वाटेल, या आशेवर गाडी सोडायची नाही. रुग्णाला गाडीत उताणं आडवं टाकायचं नाही, पाठ उंच करून किंवा कुशीवर न्यायचं. आणि निघण्याआधी सिलिंडरचा हिशेब. छोट्या, बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतात; पंधरा लिटरनं ते शंभर मिनिटं पुरतात. महाबळेश्वर ते सातारा केळघर घाटानं अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. कोरड्या रस्त्यानं ते दीड तासात होतं. धुक्यात, पावसात, पुढचा टेम्पो वळणावर अडकलेला असताना दोन तास धरावे लागतात, आणि तेव्हा तो सिलिंडर वाटेतलं मेढा ओलांडल्यावर, सातारा यायच्या आधीच संपलेला असतो.